उकडलेली अंडी नीट सोलली जात नाहीत? या चुका टाळा

उकडलेल्या अंड्याच्या टरफलाबरोबर पांढऱ्या भागाचे लचके निघू लागले की दोष बहुतेक वेळा अंड्याला, दुकानदाराला किंवा सोलणाऱ्याच्या घाईला दिला जातो. अंड्याचे वय आणि सोलण्याची पद्धत यांना महत्त्व आहेच. परंतु टरफल सहज सुटणार की चिकटून बसणार, याचा निकाल बराचसा अंडे पाण्यात जाते त्याच वेळी लागलेला असतो, आणि नेमक्या त्याच पायरीकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो.

थंड पाण्यापासून सुरुवात

टोपात अंडी मांडायची, ती बुडतील एवढे नळाचे पाणी ओतायचे, टोप गॅसवर चढवायचा आणि उकळी फुटल्यावर मिनिटे मोजायची, ही बहुतेक घरांतली रीत आहे. ती सोयीची असली तरी सोलण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट आहे. टरफलाच्या आत दोन पातळ पापुद्रे असतात आणि त्यांतला आतला पापुद्रा पांढऱ्या भागाला लागून असतो. पाणी हळूहळू तापत गेले की पांढऱ्यातील प्रथिने या पापुद्र्याला टेकलेल्या अवस्थेतच सावकाश घट्ट होतात आणि त्याच्याशी जखडली जातात. याउलट अंडे थेट उकळत्या पाण्यात गेले, तर पांढऱ्याचा बाहेरचा थर झटकन आवळला जातो आणि पापुद्र्याशी त्याची जवळीक होण्याआधीच आतल्या बाजूला ओढला जातो. पांढऱ्यातील काही प्रथिने ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होऊ लागतात, तर ज्याचा वाटा सर्वांत मोठा असतो ते प्रथिन ८० अंशांच्या पुढे गेल्यावरच पुरते बसते. थंड पाण्याबरोबर तापत जाणारे अंडे या मधल्या टप्प्यात रेंगाळते आणि चिकटण्याला तेवढा अवकाश मिळतो.

म्हणून आधी पाणी खळखळून उकळावे, मग आच थोडी कमी करावी आणि अंडी झाऱ्यावर किंवा खोलगट पळीत घेऊन एकेक अलगद सोडावी. फ्रिजमधले अंडे उकळत्या पाण्यात तडकेल, ही भीती अगदीच निराधार नाही, पण अंडी बऱ्याचदा तडकतात ती वरून टाकल्यामुळे किंवा जोराच्या उकळीत एकमेकांवर आपटल्यामुळे. रुंद टोकाला आत हवेची पोकळी असते. तिथे टाचणीने बारीक छिद्र पाडले की तापून फुगणाऱ्या हवेला वाट मिळते, मात्र हा उपाय तड्यांसाठी आहे, सोलण्यासाठी नव्हे.

येथे एक घरगुती अडचण आड येते. पुष्कळ घरांत अंड्यांसाठी वेगळा टोप राखलेला असतो, आणि तो साहजिकच घरातला सर्वांत जुना आणि सर्वांत लहान टोप असतो. त्यात जेमतेम लिटरभर पाणी मावते. त्यात फ्रिजमधली आठ-दहा अंडी सोडली की उकळी तत्काळ मरते, पाणी पुन्हा उकळायला काही मिनिटे घेते आणि गरम पाण्यात अंडी सोडण्याचा सगळा फायदा वाया जातो. अंड्यांवर दोन बोटे पाणी राहील आणि अंडी एका थरात बसतील एवढा टोप घ्यावा. तो नसेल तर अंडी दोन खेपांत उकडावी.

पाण्याऐवजी वाफेवर उकडणे हा याहून सोपा मार्ग आहे, आणि त्यासाठी लागणारे साधन आपल्याकडे गणेशोत्सवानंतर वर्षभर माळ्यावर पडून असते. मोदकपात्रात तळाशी पाणी उकळून भरपूर वाफ धरली की चाळणीवर अंडी ठेवून झाकण लावावे. इडलीपात्र असेल तर अंडी साच्यांच्या खळग्यांत न गडगडता बसतात. वाफेमुळे उकळी मरण्याचा प्रश्न उरत नाही, अंडी आपटत नाहीत, आणि बारा ते तेरा मिनिटांत पिवळा बलक पूर्ण घट्ट होतो. माझ्या मते, सहापेक्षा जास्त अंडी असतील तर पाण्याच्या भानगडीत पडूच नये.

कुकरची शिटी आणि हिरवट कडा

कुकरमध्ये उकडलेली अंडी सोलायला सोपी जातात, हे खरे आहे, कारण तिथेही तडक वाफेचा मारा होतो. पण शिटी लावलेल्या कुकरमधील तापमान १२० अंशांच्या घरात जाते, आणि गॅस बंद केल्यानंतरही वाफ जिरेपर्यंत अंडी आत शिजतच राहतात. परिणामी पांढरा भाग रबरासारखा होतो आणि बलकाभोवती हिरवट-राखाडी कडा उमटते. ही कडा म्हणजे अंडे खराब असल्याची खूण नव्हे. पांढऱ्या भागातून सुटणारा गंधकयुक्त वायू आणि बलकातील लोह यांच्या संयोगातून ती तयार होते. ती खाण्यास अपायकारक नसते, परंतु अंडे प्रमाणाबाहेर शिजल्याचे सांगते. कुकरच वापरायचा असेल तर शिटी काढून ठेवावी आणि त्याचा उपयोग मोदकपात्रासारखा, केवळ वाफेसाठी करावा.

बाजारात मिळणाऱ्या साधारण ५० ते ५५ ग्रॅमच्या अंड्याला, फ्रिजमधून काढून उकळत्या पाण्यात सोडल्यापासून, अकरा ते बारा मिनिटे पुरतात. तेच अंडे पुढे रश्श्यात पडणार असेल तर दहा मिनिटांवर थांबावे, कारण उरलेले काम रस्सा करतो. ही वेळ मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरासाठी आहे. सुट्टीत माथेरानला, म्हणजे सुमारे ८०० मीटर उंचीवर, पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते, आणि महाबळेश्वरला त्याहूनही कमी तापमानाला. तिथे दोन-एक मिनिटे वाढवून द्यावी लागतात.

‘थंड पाण्यात टाका’ म्हणजे नेमके कोणत्या?

अंडी शिजल्यावर लगेच थंड पाण्यात टाकावी, हे सर्वांना ठाऊक असते. पण ते पाणी थंड असते का, हे कोणी पाहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हाताला चक्क गरम लागते. असे पाणी टोपावर ओतले की आठ-दहा अंड्यांच्या उष्णतेने ते दोन मिनिटांत आणखी तापते आणि आतला बलक शिजत राहतो. पसरट भांड्यात बर्फाचा एक ट्रे रिकामा करावा, अंडी बुडतील एवढे पाणी घालावे आणि त्यात अंडी निदान दहा मिनिटे ठेवावी. बर्फ नसेल तर फ्रिजमधल्या बाटलीतले पाणी घ्यावे आणि ते कोमट झाले की बदलावे. बर्फामुळे टरफल सुटायला मदत होते, परंतु त्याचे मुख्य काम शिजणे थांबवण्याचे आहे. थंड पाण्यापासून उकडायला सुरुवात केलेली अंडी कितीही बर्फात ठेवली तरी ती हमखास सुटतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

गावरान अंडी का छळतात

ताजे अंडे सोलायला कठीण असते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कर्बवायू विरघळलेला असतो, त्यामुळे त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ८ च्या आसपास किंवा किंचित कमी असतो. टरफलावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून हा वायू दिवसागणिक निसटतो, सामू ९ च्या पुढे जातो आणि पापुद्र्याशी असलेली पांढऱ्याची पकड सैल होते. मुंबईतील वाण्याकडे मिळणारी पांढरी अंडी हैदराबादच्या परिसरातून किंवा राज्यातील कुक्कुटपालन केंद्रांतून ट्रकने आलेली असतात, त्यामुळे ती आपल्या हातात पडेपर्यंत काही दिवस उलटलेलेच असतात. खरा त्रास होतो तो गावाहून कोणी कौतुकाने आणलेल्या गावरान अंड्यांचा. ती आठवडाभर फ्रिजमध्ये राहू द्यावी आणि तोवर त्यांचे ऑम्लेट किंवा हाफ-फ्राय करावे. वयाचा अंदाज हवा असेल तर अंडे पाण्याने भरलेल्या पेल्यात सोडावे: ताजे अंडे तळाशी आडवे बसते, काही दिवसांचे अंडे रुंद टोक वर करून तिरके किंवा उभे राहते, आणि तरंगणारे अंडे टाकून द्यावे. अंडी आणल्या आणल्या धुऊन ठेवण्याची सवय मात्र सोडावी, कारण त्याने टरफलावरचा नैसर्गिक संरक्षक थर निघून जातो. धुवायची तर उकडण्याआधी धुवावी.

पाण्यात मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने टरफल सुटते, हा समज विशेष खरा नाही. त्यांचा उपयोग एवढाच, की अंडे तडकले तर बाहेर येणारा पांढरा भाग लगेच गोठून भेग बुजते. लिटरभर पाण्याला अर्धा चमचा खाण्याचा सोडा घातल्यास अगदी ताज्या अंड्यांना थोडी मदत होते, पण अंड्यांना उग्र वास येऊ शकतो आणि ॲल्युमिनियमचा टोप आतून काळा पडतो.

सोलताना

अरुंद टोकाकडून सोलायला सुरुवात करणे ही हाताला लागलेली चुकीची सवय आहे. अंडे प्रथम रुंद टोकावर ओट्यावर आपटावे, कारण तिथल्या पोकळीमुळे बोट पांढऱ्या भागात न रुतता टरफलाखाली शिरते; मग ते आडवे ठेवून तळव्याखाली हलकेच फिरवावे, म्हणजे सगळीकडे बारीक भेगा पडतात. आता अंगठ्याच्या नखाने टरफल न खरवडता, त्याखालचा ओलसर पापुद्रा पकडावा. तो हाती लागला की त्याला चिकटलेले तुकडे पट्टीने निघत येतात. तो निसटला आणि नुसते टरफल सुटले, तर प्रत्येक तुकडा वेगळा काढावा लागतो आणि पांढरा भाग त्याबरोबर येतो. हे काम नळाच्या बारीक धारेखाली किंवा पाण्याच्या भांड्यात बुडवून केले तर पापुद्र्याखाली पाणी शिरते आणि तो आणखी सहज वेगळा होतो.

इतके करूनही एखादी खेप चिकट निघाली, तर पहिल्या अंड्यावरच थांबावे. उरलेल्या अंड्यांना सगळीकडे भेगा पाडून ती दहा मिनिटे थंड पाण्यात बुडवून ठेवावी आणि नंतर रुंद टोकाकडून स्टीलचा छोटा चमचा, त्याचा खोलगट भाग अंड्याकडे ठेवून, पापुद्र्याखालून फिरवावा. त्यानेही अंडी खडबडीतच निघाली तर ती अख्खी रश्श्यात सोडण्याचा बेत सोडावा. किसणीवर किसून कांदा, मिरची, कोथिंबीर आणि थोड्या लोण्याबरोबर ती सँडविचमध्ये भरली, तर टरफलाने नेलेले लचके कोणाच्या नजरेस पडत नाहीत.