वाडा दुरुस्त करताय? या चुका टाळा

जुना वाडा ताब्यात आला की लोकांना आधी सिमेंटची गोणी आठवते. निम्मे वाडे तिथेच बिघडतात. वाड्याची भिंत दगड-विटांची, आतून माती-चुन्याची. जमिनीतली ओल ती ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर सोडते. वर सिमेंट बसलं की ही वाट बंद. मग ओल वर चढते, लोणा लागतो म्हणजे क्षाराची पांढरी पूड फुटते, विटांचा भुगा पडू लागतो.

वाईकडच्या एका वाड्यात मालकांनी, मी नको म्हणत असताना, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून घेतला. ‘दिवाळीला पूजा आहे, चुन्याला वेळ कुठे?’ दोन पावसाळ्यांत ओल खिडकीच्या वर गेली. पण खरं दुखणं दिसतच नव्हतं. भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं कुजली होती. स्क्रू-ड्रायव्हर सागात मुठीपर्यंत गेला! शेवटी गिलावा खरवडला, भिंती दिवाळीपासून होळीपर्यंत उघड्या ठेवल्या, कुजकी टोकं कापून जुनाच साग सांधला आणि मग चुना लावला. पूजेच्या घाईपायी खर्च दोनदा झाला.

चुन्याच्या तयार पिशवीवर माझा भरवसा नाही. कळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विझवून महिनाभर तरी पाण्याखाली मुरवतो, मग वाळू घालून मळतो. गूळ-हिरड्याचं पाणी घालायची सवय जुन्या गवंड्यांकडून लागली. व्हिडिओ बघून आठवड्यात चुना शिकलेल्यांना मी भिंतीला हात लावू देत नाही, आधी महिनाभर मळायला बसवतो.

सोलापूर-मराठवाड्याकडे माळवद, म्हणजे तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर, गळलं की वर स्लॅब ओततात. चार इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला सुमारे २४० किलो, तोही मातीच्या ओझ्यावर. तुळया वाकणार नाहीत तर काय! पावसाआधी पांढरी माती नव्याने पसरा, उतार राखा, पन्हळी मोकळ्या ठेवा.

सागाच्या खांबांना ऑइल पेंट? नको. तेल पुरे.

वाड्याच्या मधल्या उघड्या चौकावर पत्रा टाकू नका, माजघराचा उजेड आणि वारा तिथूनच येतो. हे पटत नसेल तर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहून या. तिथे एकामागून एक चौक आहेत, ते हौसेखातर नाहीत.

अंगणात भर घालून जोतं, म्हणजे वाड्याचा चौथरा, बुजवू नका.

भिंतीतला पिंपळ नुसता छाटू नका. दगड सुटे करून मूळ काढा, भेग चुन्याने भरा.