फोल्डिंग चाकूचं लॉक किती दणकट, हे घरच्या घरी कसं ताडून बघायचं

आधी एक गोष्ट डोक्यात नीट बसवा, पुढचं सगळं सोपं जाईल. दोरखंड कापताना किंवा बांबू तासताना तुम्ही धारेवर जो जोर देता तो पात्याला उघडायच्या दिशेने ढकलतो, आणि बहुतेक चाकूंत तो जोर स्टॉप पिन झेलते (पूर्ण उघडलेलं पातं जिला टेकून थांबतं ती मुठीतली पिन), लॉक नाही. लॉकवर खरा भार येतो तो उलट्या बाजूने. पातं लाकडात रुतलं आणि तुम्ही वरखाली हलवत ओढलंत, टोक खुपसताना सटकलं, किंवा पात्याची पाठ कशावर तरी आपटली, तेव्हा. आणि नेमकी तेव्हाच तुमची बोटं मुठीतल्या खाचेसमोर असतात, जिच्यात पातं मिटतं. म्हणून "मी याने वर्षभर बांबू तासतोय, लॉक एक नंबर" असं कोणी सांगितलं तर त्याला काहीच अर्थ नाही, त्याच्या लॉकची परीक्षा अजून झालेलीच नाही.

आता प्रकार. लायनर लॉक म्हणजे मुठीच्या आतली पातळ पट्टी (लायनर) जी पात्याच्या बुडाखाली, म्हणजे पात्याच्या मुठीतल्या टोकाखाली सरकते, स्वस्त चाकूंत सगळ्यात जास्त हाच मिळतो आणि सगळ्यात जास्त फसवणारा पण हाच, कारण पट्टी आणि बूड यांचा कोन जरा चुकला की ती बाजूला घसरते. शिवाय मूठ पिळली की बोटानेच पट्टी ढकलली जाऊ शकते. फ्रेम लॉकचं तत्त्व तेच, पण तिथे मुठीची अख्खी जाड बाजूच लॉक असते, आणि तुम्ही जितकं घट्ट धरता तितकं लॉक आत दाबलं जातं. ख्रिस रीव्हच्या सेबेन्झा चाकूमुळे हा प्रकार नावारूपाला आला. त्याची कमजोर जागा म्हणजे स्प्रिंगसाठी पट्टी जिथे कोरून पातळ केलेली असते तो भाग, बाक येतो तो तिथे.

बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवरची दांडी पात्याच्या बुडातल्या खाचेत उतरते, १९६४ सालच्या बक ११० चाकूवाला हाच. ताकद चांगली, पण त्या खाचेत कचरा बसला की लॉक पूर्ण खाली उतरत नाही आणि वरवर बघून ते कळतही नाही. कोल्ड स्टील कंपनीचा ट्राय-ॲड लॉक हा त्याचाच सुधारित भाऊ, अँड्र्यू डेम्कोने बनवलेला, त्यात लॉक आणि पात्याच्या मध्ये एक स्टॉप पिन टाकलेली आहे, धक्का ती पिन घेते. क्रॉसबार लॉक, म्हणजे पात्याच्या बुडावर आडवी दांडी सरकून बसते तो, मुळात बेंचमेड कंपनीचा ॲक्सिस, आता पेटंट संपल्यावर कितीतरी कंपन्या बनवतात. ओपिनेल चाकूचं फिरणारं कडं बिचारं साधं, पण माती-वाळूला फारशी दाद देत नाही. फक्त आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते आणि पातं उघडता उघडता नखं जायची वेळ येते.

लॉकची ताकद नुसत्या किलोंमध्ये सांगणारा माणूस अर्धंच सांगतोय हे लक्षात ठेवा. भार पिव्हटपासून, म्हणजे पातं ज्या स्क्रूवर फिरतं तिथून, किती लांब टांगला ते महत्त्वाचं. समजा लॉक पात्याच्या बुडाला पिव्हटपासून ८ मिमीवर टेकतंय आणि तुम्ही ८० मिमीवर १० किलो टांगले, तर लॉकच्या तोंडावर साधारण १०० किलोचा दाब येतो. त्यामुळे दोन चाकू ताडायचे तर अंतर सारखंच हवं, नाहीतर सगळा खेळ फुकट. स्पायडर्को कंपनी लॉकचा हिशेब पात्याच्या दर इंचामागे इंच-पाउंडात (पिव्हटपासूनचं अंतर गुणिले वजन) करते, हेवी ड्युटीला १०० आणि त्यांच्या सगळ्यात वरच्या वर्गाला २००. ४ इंची पात्याला हे २०० म्हणजे टोकापाशी साधारण ९० किलो टांगल्यासारखं. घरी आपल्याला तिथवर जायचंच नाहीये, चाकू मोडून काय मिळणार.

सुरुवात स्वच्छ चाकूपासून. धारेवर जाड पुठ्ठा लावून वरून टेप गुंडाळा, हे आधी, मग बाकीचं. पातं उघडून उजेडासमोर धरा आणि लॉक बुडाच्या किती भागावर बसलंय ते बघा. लायनर आणि फ्रेम लॉकमध्ये ते बुडाच्या जाडीच्या ३० ते ५० टक्क्यांवर असलं की ठीक, अगदी कडेला टेकलेलं असेल तर त्यावर भरवसा नको, पार पलीकडच्या लायनरला जाऊन भिडलं असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. बारीक मार्कर पेनने खूण करा. मग कधी हळू कधी झटक्याने उघडा आणि लॉक दर वेळी त्याच खुणेवर येतंय का बघा. माझ्या मते ही सगळ्यात जास्त सांगणारी तपासणी आहे आणि तिला पैसा लागत नाही. दर वेळी वेगळ्या जागी बसणारं लॉक कितीही जाड असू दे, मी घेणार नाही.

मग पातं हलवून बघा. डावी-उजवीकडे हललं तर तो पिव्हट स्क्रू सैल आहे, लॉकचा दोष नाही, टॉर्क्स ड्रायव्हरने पाव वळसा आवळा. वर-खाली हललं तर मात्र ते लॉकचंच प्रकरण.

पुढे पाठीवरचा दाब. मूठ मागून धरा, सगळी बोटं मुठीच्या खाचेच्या बाहेर, आणि पाठ लाकडी बाकाच्या कडेवर टेकवून हळूहळू जोर वाढवा. मग मनगटाने हलकेच दोन-चार टकटक, लाकडावर किंवा जाड पुस्तकावर. व्हिडिओत लोक सिमेंटवर धाडधाड आपटतात तो तमाशा आहे, त्यात चांगलं लॉकही खराब होतं. हलक्या टकटकीत जे लॉक सुटतं ते खरंच वाईट, कारण धक्क्याने पट्टी उडते, आणि शांतपणे टांगलेलं वजन हे कधीच दाखवत नाही. पिळून बघायचं तर टोकाकडचा पुठ्ठा काढा, टोक केळीच्या खांबात खुपसा आणि मूठ दोन्ही बाजूंना पिळा, नजर लॉकवर.

वजनासाठी पाण्याची बादली बेस्ट, १ लिटर म्हणजे १ किलो, पेल्याने हळूहळू वाढवता येतं. मूठ व्हाइसमध्ये (बाकावरच्या शिकंज्यात) आडवी, मुठीची खाच जमिनीकडे, म्हणजे पात्याची धार खाली आणि पाठ वर. दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे, आणि फक्त मुठीचं मागचं टोक आवळा. फ्रेम लॉक असेल तर हे विसरू नका, कारण मधोमध आवळलीत तर व्हाइसच लॉकला धरून ठेवेल आणि तुम्हाला वाटेल काय जबरदस्त चाकू आहे बाबा. पिव्हटपासून ७ सेंमीवर खूण करून पाठीवरून एस आकाराचा रुंद हूक अडकवा, तो टेपने जागी धरा. बादली जमिनीपासून दोन बोटं वर असू दे, सुटली तरी फार पडायची नाही. हात आणि पाय खाली नकोत. बादलीच्या वजनासकट १५ किलोपर्यंत जा, दहा मिनिटं ठेवा, काढा, आणि लॉक खुणेवरून सरकलं का, वर-खाली नवीन हालचाल आली का ते बघा. हेवी ड्युटी म्हणवणाऱ्या चाकूला एवढ्याने काही व्हायला नको. झालं तर चाकू लॉकवाला समजून वापरू नका.

आणि आता आपल्या गोव्यातली खरी परीक्षा, घाण. मिरामारची मूठभर कोरडी वाळू चाकूवर भुरभुरा, झटका, उघडा आणि खुणेची तपासणी परत करा. बॅक लॉकवाले काही चाकू इथेच गळतात. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) वापरणारा असाल तर ओल्या मातीने करा, काजूच्या हंगामात बोंडांचा रस सुकून चिकट झाला की क्रॉसबारची दांडी कशी अडखळते ते पण बघण्यासारखं आहे. मांडवी नदीवर गळाने मासे गरवायला जाणाऱ्यांनी लॉकआधी स्टील बघावं. डी२ स्टीलला लोक स्टेनलेस समजतात, ते तसं नाही, खाऱ्या हवेत लॉकच्या तोंडावर गंज धरतो आणि मग घट्ट बसणारं लॉक एकतर अडकतं नाहीतर ढिलं पडतं. एच१ किंवा एलसी२००एन स्टील असेल तर ती कटकट नाही.

माझी पसंती विचाराल तर दणकट कामाला ट्राय-ॲड, रोजच्या खिशाला क्रॉसबार, आणि शहाळं फोडायला यातलं काहीच नाही, त्याला कोयताच. दाबोळी किंवा मोपाहून विमान पकडायचं असेल तर चाकू चेक-इन बॅगेत, हातातल्या बॅगेत सापडला की गेला.

तपासणी झाली की धुवा, पूर्ण वाळवा आणि पिव्हटला मशीन ऑइलचा एक थेंब. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होतं आणि वाळू धरून ठेवतं. लायनर किंवा फ्रेम लॉक जिथे बुडाला टेकतं तिथे तर कुठलंच तेल नको, ती जागा कोरड्या फडक्याने पुसून ठेवा, तिथलं घर्षण हेच त्या लॉकचं अर्धं बळ.