साताऱ्याच्या डोंगरात ट्रेल रनिंग: वाट निवडण्यापासून खाली उतरेपर्यंत

साताऱ्याच्या डोंगरात धावायला येणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, "किती किलोमीटरचा रूट आहे?" सपाटीवर हा आकडा पुरतो, इथे पुरत नाही. इथे तीन गोष्टी बघायच्या: एकूण चढ किती मीटर, पायाखाली जमीन कोणती आणि महिना कोणता. चढाचा हिशोब सोपा आहे. चढाचे मीटर भागिले 100 करायचे आणि ते अंतरात मिळवायचे. 10 किलोमीटरच्या वाटेवर 500 मीटर चढ असेल, तर अंगाला ती 15 किलोमीटरसारखी लागते. पाणी, खाणं आणि परतीची वेळ या 15 च्या हिशोबाने ठरवा. अनोळखी वाटेवर त्यावरही निदान तिसरा हिस्सा वेळ जास्त धरा, कारण या हिशोबात जमीन धरलेली नसते.

पायाखालची जमीन

सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांनी बनलेला आहे. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराची उतरती सपाटी होते आणि वर पुन्हा कडा. म्हणून इथली वाट एकसारखी चढत नाही. दमछाक करणारा खडा टप्पा येतो, मग आडवी सपाट वाट, मग पुन्हा खडा टप्पा. धावायचं ते आडव्या वाटांवर, खड्या टप्प्यावर चालायचं. हे ज्याने मनापासून मान्य केलं त्याचा दिवस चांगला जातो.

जमीन मुख्यतः तीन प्रकारची भेटते. पहिला काळा कातळ. कोरडा असताना त्याच्यावर बूट छान पकडतो, पण पावसात शेवाळ धरला की कुठल्याही बुटाचा भरवसा नाही. दुसरा मुरमाचा घसारा. सुट्या गोल खड्यांवर पाय बॉलबेअरिंगवर पडल्यासारखा सरकतो, त्यातून जानेवारीनंतर वरचं गवत वाळून आडवं झालं की खडे दिसतही नाहीत. तिसरा जांभा, जो महाबळेश्वर, कास, चाळकेवाडी अशा उंच सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळी पठारांवर आहे. तो खडबडीत आणि छिद्रांचा असतो. पकड उत्तम मिळते, मात्र पडलात तर गुडघे आणि तळहात सोलून निघतात.

बुटाच्या तळाचे रबरी खिळे म्हणजे लग 4 ते 5 मिलिमीटरचे असले की या तिन्ही जमिनींवर चालतात. यापेक्षा खोल लग चिखलात कामाचे, कातळावर मात्र डगमगतात. बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण तोवर पाय थोडा फुगलेला असतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. उतारावर नखं काळी पडतात त्यामागे बूट लहान असणं हे एक कारण आणि नाडी सैल असणं हे दुसरं. सगळ्यात वरच्या जादा भोकातून दोन्ही बाजूंना नाडीचा छोटा फास करा, समोरची नाडी त्यातून ओवा आणि घट्ट ओढा. टाच जागची हलत नाही.

वाटा, सोप्यापासून पुढे

सुरुवात अजिंक्यतारा किल्ल्यापासून. शहराला लागूनच, सुमारे 300 मीटर चढ, वर जायला डांबरी रस्ता आणि रस्त्याला छेदणाऱ्या पायवाटाही. पहिले काही आठवडे चढताना पायवाट, उतरताना डांबरी रस्ता असं ठेवा. उलट केलं तर घसाऱ्यावर उतरण्याचं तंत्र नसताना घोटा मुरगळतो. वर तटाच्या कडेने फेरी मारता येते. पहाटे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे एकट्याने सुरुवात करणाऱ्यालाही ही जागा बरी.

यवतेश्वरचा घाट समर्थ मंदिराकडून सुरू होतो. 2012 पासून होत आलेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटाने जाते, त्यामुळे चढावर एकसारखी लय धरायला शिकायचं तर इथेच. डांबरी आहे, पण चढ लांब आणि सलग असल्याने पोटऱ्या आणि श्वास दोन्ही तयार होतात. शनिवार-रविवारी सकाळी सातनंतर पर्यटकांच्या गाड्या वाढतात आणि वळणांवर पळणाऱ्याला जागा राहत नाही. पावसाळ्यात धुकं असेल तर भडक रंगाचा टी-शर्ट आणि पाठीमागे लुकलुकणारा लाल दिवा हवाच.

पुढे कास आहे. 2012 मध्येच ते जागतिक वारसा यादीत आलं. तिथे पठारावर धावायचं नाही, फक्त रस्त्यावर. सड्यावर मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो आणि सगळी फुलं त्याच थरावर उगवतात. एका बुटाने निघालेला पापुद्रा पुढच्या पावसात वाहून जातो. ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तर तिकडे पळायला जाऊच नये, ते दिवस फुलांचे आणि फुलं बघणाऱ्यांचे.

साताऱ्याच्या पूर्वेला जरंडेश्वर. पायऱ्यांचा चढ आणि वर मारुतीचं देऊळ. मांड्या घडवायला याच्यासारखी जागा नाही. शनिवारी भाविकांची गर्दी असते, तेव्हा दुसरा वार निवडा. पायऱ्या उतरताना धावू नका, गुडघ्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

साताऱ्याच्या बोगद्यातून पलीकडे गेलं की सज्जनगड, ठोसेघर आणि पवनचक्क्यांचं चाळकेवाडीचं पठार. लांब पल्ल्याच्या सरावाला हे पठार सगळ्यात चांगलं: मुरमाचे रुंद रस्ते, थोडाच चढउतार, लांबपर्यंत दिसणारी वाट. अडचण दोन गोष्टींची. सावली अजिबात नाही आणि वारा सतत. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, थकून परतताना तो पाठीशी राहील. मेमधल्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात दुपारनंतर इथे विजा पडतात. ढग काळे दिसले की पठार सोडायचं. झाडाखाली किंवा पवनचक्कीपाशी आडोसा घ्यायचा नाही.

महाबळेश्वरच्या वाटा उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. सुमारे 1,370 मीटर उंची, जांभूळ, हिरडा आणि अंजनीची दाट सावली, तांबडी मऊ वाट. एप्रिलमध्ये सातारा शहर तापलेलं असताना इथे सकाळी नऊपर्यंत सुखाने धावता येतं. पॉइंटना जोडणाऱ्या जुन्या पायवाटांवर झाडांची मुळं वर आलेली असतात, तिथे पाय नेहमीपेक्षा उंच उचलायचा. पावसाळ्यात या वाटा टाळाव्यात. पाऊस 5,000 मिलिमीटरच्या वर जातो, आणि निसरड्या वाटेला कड्याच्या टोकाशी कठडा असेलच असं नाही.

चंदन-वंदन ही किल्ल्यांची जोडी आणि वाईजवळचा वैराटगड पुढच्या टप्प्यावर. वैराटगड व्याजवाडीकडून चढायचा. शेवटी कातळातल्या पायऱ्या लागतात, तिथे हात मोकळे हवेत, बाटली हातात नको.

वासोटा धावण्याच्या यादीत धरू नका. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, वासोटा त्याच हद्दीत येतो. बामणोलीहून लाँचने जलाशय ओलांडून, वनखात्याच्या परवानगीने चालत जायचा तो किल्ला. आंधळ्या वळणावर पळत येणारा माणूस आणि समोर अस्वल, ही गाठ दोघांनाही वाईट.

चढ आणि उतार

चढावर दोन शब्द बोलायलाही दम पुरेनासा झाला की चालायला लागा. तळहात गुडघ्यांच्या वर मांडीवर टेकवून ढकलत चाललं तर खड्या चढावर पळणाऱ्याइतकीच गती मिळते आणि हृदयाचे ठोके कमी वाढतात. उतारावर पावलं आखूड आणि भराभर टाका, नजर तीन-चार मीटर पुढे, हात थोडे बाजूला. घाबरून मागे रेललं की टाचेवर ब्रेक लागतो आणि घसाऱ्यावर नेमका तोच पाय निसटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उताराने, चढाने नाही. म्हणून दर आठवड्याला उतार थोडाच वाढवा.

पाणी तासाला अर्धा लिटर, एप्रिल-मेमध्ये पाऊण. दीड तासाच्या वर जायचं असेल तर एका बाटलीत ओआरएस. ते नसेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खायला खजूर, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की. भूक लागायची वाट न बघता दर चाळीस मिनिटांनी थोडं खा. डोंगरावरचं टाकं मार्चनंतर आटलेलं असू शकतं, त्याच्या भरवशावर निघू नका.

वाट चुकली तर

ढोरवाटा माणसांच्या वाटेसारख्याच दिसतात, पण दहा मिनिटांत कारवीच्या झुडपांत संपतात. वाट संपली की शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे फिरा. ओढ्याने खाली उतरायचा मोह सगळ्यांना होतो आणि तोच जिवावर बेततो. वर सांगितलेल्या थरांमुळे ओढा कुठेतरी कड्यावरून सरळ खाली पडतो, आणि तिथून परत चढता येईलच असं नसतं. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, रेंज दरीत जाते. नवीन वाट पहिल्यांदा चालत करा आणि पायथ्याच्या वाडीत गुराख्याला विचारा. "वाट आहे का?" यापेक्षा "वाट कुठे उतरते?" असं विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं.

जनावरं

गवा पहाटे आणि तिन्हीसांजेला वाटेवर येतो. दिसला की थांबा, हळूहळू मागे सरका, कळपाच्या मधून किंवा पिल्लाच्या बाजूने जाऊ नका. इअरफोन घरीच ठेवा. वाडीतली कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवून चालायला लागा, बहुतेक वेळा तेवढ्याने ती शांत होतात. किल्ल्याच्या कड्याला आग्या मोहोळ असेल तर त्याखालून गप्प जा, अंगाला सेंट नको. माशा उठल्या तर तोंड झाकून जमेल तितकं लांब पळा, जागेवर हात झाडत बसू नका.

सड्यावरच्या दगडांखाली फुरसं हा विषारी साप असतो. दगडावर हात टेकण्याआधी आणि बसण्याआधी बघा. साप चावला तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. तो अवयव न हलवता, माणसाला चालायला न लावता उचलून रस्त्यापर्यंत आणा आणि 108 ला फोन करा. म्हणूनच दूरच्या वाटेवर निदान तिघं असावेत: एक जखमीपाशी, एक मदतीला.

परत आल्यावर मोजे उलटे करून गोचीड आणि कुसळं बघा, पावसाळ्यात जळवाही. जळू ओढून काढू नका, नखाने तिचं तोंड बाजूला सारा किंवा मिठाचं पाणी सोडा. बूट नळाखाली धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि सावलीत वाळवा. उन्हात तळव्याचा डिंक सुटतो आणि पुढच्या उतारावर तळवाच निघून येतो.