छोटा शिशु, मोठा शिशु आणि माझी 11 वर्षं

मे संपत आला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलीचा नाहीतर सुनेचा फोन येतोच, ताई मला एका शाळेत केजीला शिकवायला घेतलंय, काय तयारी करू? फोनवर दहा मिनिटांत काय काय सांगणार, म्हणून यावेळी सगळं लिहूनच काढते. मी नाशिकला 11 वर्षं या वयाच्या मुलांना शिकवतेय, पहिली चार वर्षं एका छोट्या इंग्रजी शाळेत नर्सरीला होते आणि त्यानंतर मराठी शाळेत, कधी छोटा शिशु तर कधी मोठा शिशु.

गाणी म्हणायची, चित्रं रंगवायची, बारा वाजता घरी, असं सगळ्यांना वाटतं आणि मलाही तसंच वाटायचं. बालशिक्षणाचा एक वर्षाचा कोर्स झालेला, फाईल भरून तक्ते, बाहुलीनाट्य पाठ. पहिल्या वर्षी वर्गात 38 मुलं होती आणि मी सकाळी आठपासून नुसती बोलत होते, बसा, उठा, हात धुवा, रांग करा, त्याला मारू नको. सप्टेंबरमध्ये आवाज पूर्ण बसला. डॉक्टर म्हणाले आठ दिवस अजिबात बोलायचं नाही. रजा मिळण्यासारखी नव्हती, म्हणून तशीच वर्गात गेले, गाणी मावशींनी म्हटली आणि मी खाली सतरंजीवर बसून राहिले. आणि तेव्हा पहिल्यांदा मी मुलांना नीट बघितलं.

एक मुलगी होती, तिच्याबद्दल माझं मत झालेलं की ही मुद्दाम ऐकत नाही. त्या आठ दिवसांत लक्षात आलं की मावशी समोर असल्या की ती लगेच उठते आणि मागून हाक मारली की वळतसुद्धा नाही, शेजारच्या मुलीने हात लावला की मग वळते. आईला बोलावून सांगितलं, कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तर सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं, त्यामुळे तिला सगळं दबकं ऐकू यायचं. औषधोपचार झाले आणि दिवाळीनंतर ती माझ्या हाकेला ओ द्यायला लागली. तीन महिने मी तिला रागावत होते हे मला अजून टोचतं. म्हणून नव्याने शिकवायला लागलेल्या मुलींना मी सगळ्यात आधी हेच सांगते, रोज किमान पंधरा मिनिटं गप्प बसा आणि बघा. कोण कुणाजवळ बसतं, कोण डबा उघडायला मदत मागतं, कोण शू लागली तरी सांगत नाही. एका वहीत दोन ओळी लिहून ठेवा. माझ्या अशा वह्या अजून कपाटात आहेत.

आता पहिला आठवडा. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, बाहेर पाऊस, आत तीस जणांचं रडं, रेनकोटचा वास, ओल्या चपला, आणि दाराच्या फटीतून बघणाऱ्या आया, त्यांच्याही डोळ्यात पाणी. यातून सगळ्यांनाच जावं लागतं. एक चूक मात्र करू नका, आई आत्ता येते हं असं खोटं सांगू नका. त्या वयात घड्याळ कळत नाही, पण आत्ता म्हणजे आत्ता हे बरोबर कळतं आणि आई आली नाही की तुमच्या पुढच्या कुठल्याच शब्दावर विश्वास बसत नाही. मी दिवसाची पाच चित्रं काढून भिंतीवर ओळीने लावलीत, गोल करून बसणं, खेळ, डबा, गोष्ट, आई. रडणाऱ्याला कडेवर घेऊन तिथे न्यायचं, आता डबा झाला ना, मग गोष्ट, मग आई. चार-पाच दिवसांनी मुलं स्वतः जाऊन बोट लावून बघतात की किती उरलं.

एक मुलगा आईचा रुमाल घेऊन यायचा, फिक्या गुलाबी रंगाचा, कडेला जांभळी वेल. तो हातातून सोडायचाच नाही, डबा खातानासुद्धा डाव्या हातात रुमाल. तेव्हाच्या मोठ्या बाईंचं म्हणणं होतं काढून घ्या, सवय लागेल. मी काढला नाही. जुलैत तो रुमाल खिशात गेला, अधूनमधून हात घालून चाचपायचा फक्त. गणपतीनंतर दप्तरात. आणि एक दिवस दुसरा मुलगा घसरगुंडीवरून पडून रडत होता तर हा पळत वर्गात गेला, दप्तर उपसून रुमाल काढला आणि त्याच्या हातात दिला, घे, माझ्या आईचा आहे. मी तिथे उभी होते, मला काही बोलताच आलं नाही.

आता सगळ्यात मोठं दुखणं सांगते, लिहिणं. जुलैच्या पहिल्याच पालकसभेत प्रश्न येतो, वही अजून कोरी कशी? शेजारच्या शाळेतली मुलं शंभरपर्यंत लिहितात, आमचा नुसता मातीत खेळतो, फी कशाची भरतो आम्ही? ऐकताना वाईट वाटतं आणि राग पण येतो पण पालकांवर चिडून उपयोग नाही, त्यांना पहिलीच्या प्रवेशाची धास्ती असते. मी आता बोलण्याऐवजी दाखवते. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्मताना ती जवळजवळ सगळी मऊ कूर्चाच असते, पुढे वर्षानुवर्षं हळूहळू पक्की होतात, साडेतीन-चार वर्षांच्या हाताला पेन्सिल धरून पान भरायला लावलं तर मूल मुठीत पेन्सिल आवळतं, खांद्यापासून हात हलवतं आणि दोन ओळींत दमतं. मग लिहिण्याचा कंटाळा कायमचा बसतो. पालकसभेला मी ताटल्या मांडते, मूग आणि राजमा मिसळलेला, दोरीला कपड्यांचे चिमटे, स्पंज आणि पाण्याची वाटी, मटाराच्या शेंगा, आणि रांगोळी. पालकांनाच करायला लावते. रांगोळी चिमटीतून सोडताना बोटं कशी येतात बघा म्हणते, अंगठा, तर्जनी आणि खाली आधाराला मधलं बोट, पेन्सिल पण अशीच धरायची असते. एका बाबांनी तिथेच बायकोला सांगितलं, उद्यापासून मटार हाच सोलेल. ती सभा माझी सगळ्यात छान झालेली सभा.

आणि अक्षरं घ्यायची वेळ आली की ग म भ न पासून घ्या, अ आ इ पासून नको. चारही अक्षरांना उजवीकडे उभी रेघ आहे, त्यामुळे हाताला एकच वळण पुन्हा पुन्हा मिळतं आणि त्यातून गमन, मगन, नभ असे शब्दही लगेच होतात. अ काढायला किती वळणं आहेत ते स्वतः मोजून बघा. आधी हवेत, मग वाळूत, मग पाटीवर, वही अगदी शेवटी.

पालक नाहीच ऐकले तर एक गोष्ट हाताशी ठेवा. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी सलग, आणि 2022 मध्ये त्या टप्प्याचा जो राष्ट्रीय आराखडा आला त्यात खेळातून शिकणं हाच पाया आहे. आम्ही सांगितलेलं पटत नाही पण धोरणात आहे म्हटलं की काही जण शांत होतात. आणि खरं तर हे आपल्याकडे नवीन नाहीच. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये पालघरकडच्या बोर्डीला गावातल्या लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, महागड्या साधनांऐवजी आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. माझ्या पहिल्या शाळेत लाकडी साधनांचं मोठं कपाट होतं आणि त्याला कुलूप, मुलं साधनं हरवतील म्हणून. पाहुणे आले की उघडायचं. तेव्हा मला कोसबाडचं वाचलेलं आठवलं आणि मी घरून चिंचोके, शंख-शिंपले, बाटल्यांची झाकणं घेऊन गेले, आजही माझ्या वर्गात सगळ्यात जास्त हाताळला जातो तो चिंचोक्यांचा डबाच.

भाषेचं पण सांगते. आमच्याकडे सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे सगळीकडची माणसं, कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी हिंदी, कुणाची भोजपुरी. एक मुलगा दोन महिने काहीच बोलला नाही, आणि मग एकदा तहान लागल्यावर म्हणाला माले पानी जोयजे. पाच-सहा मुलं हसली. तो परत गप्प. मी त्याच्या आजीला विचारलं शाळेत येऊन एक गाणं म्हणाल का, आजी लाजत लाजत आल्या, सतरंजीवर बसून अहिराणीतलं गाणं म्हटलं आणि तो मुलगा त्यांना टेकून असा बसला होता की जणू सगळा वर्ग त्याचाच. नंतर आठवडाभर सगळी मुलं माले, तुले म्हणत होती. शुद्ध बोल म्हणून कुणाला हटकू नका, घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर काढून ठेवायला ती काही चप्पल नाही.

चावणारी मुलं दरवर्षी दोन तरी असतात. चावलेल्याच्या आईला काय सांगायचं या विचाराने मला झोप यायची नाही. बहुतेक वेळा त्या मुलाकडे शब्द नसतात, खेळणं कुणी ओढलं आणि माझं आहे दे म्हणता आलं नाही की दात लागतात. आधी दुखावलेल्याला जवळ घ्या, बर्फ लावा, मग चावणाऱ्याच्या उंचीला खाली बसून एकच वाक्य द्या, मला दे म्हण. ओरडू नका, चावरा तर अजिबात म्हणू नका, त्या वयात नाव चिकटतं.

पगाराचं गोड बोलून सांगत नाही. माझा पहिला पगार 4500 रुपये होता आणि वर्षातले 10 महिनेच मिळायचा, सुट्टीचे दोन महिने कोरडे. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाला लागू आहे, त्यामुळे त्याआधीचे हे वर्ग त्याच्या बाहेर राहतात आणि एका वर्गात किती मुलं, बाईंना किती पगार हे जागोजागी वेगवेगळं. याचा मला मनापासून राग आहे, कारण सगळ्यात नाजूक वयाचं काम करणाऱ्या बाईला सगळ्यात कमी पैसे. मुलाखतीला गेलात की लाजू नका, विचारा: वर्गात किती मुलं, मदतनीस मावशी पूर्ण वेळ आहेत का, मुलांचं बाथरूम वर्गाजवळ आहे का, सुट्टीतला पगार मिळतो का, नेमणूकपत्र लेखी देणार का. मावशी नसतील तर चांगल्या पगारालाही नाही म्हणा. एक मूल बाथरूमला आणि बाकीची पंचवीस वर्गात एकटी, ही जोखीम घेऊ नका.

आणि मावशींना जपा. आमच्या मावशींना कुठल्या मुलाची शी कधी होते, कुणाच्या पँटला नाडी आहे, कुणाचे बाबा गावाला गेलेत हे सगळं ठाऊक असतं. मी त्यांना विचारल्याशिवाय पालकांशी बोलत नाही.

आनंद रोजचे असतात आणि छोटे असतात. कुणीतरी चुकून आई म्हणतं आणि जीभ चावतं. डब्यातला शेवटचा शंकरपाळा मुठीत धरून घामेजलेला तुमच्यासाठी आणलेला असतो, तो खायचाच. बूट उलटसुलट घालणारी मुलगी एक दिवस बरोबर घालते आणि दिवसभर पाय पुढे करून सगळ्यांना दाखवत फिरते. भाजीबाजारात टीचर म्हणून कुणीतरी ओरडतं, वळून बघावं तर सातवीतला उंच मुलगा, मिसरूड फुटायला आलेली, आणि त्याला अजून तो चिंचोक्यांचा डबा आठवतोय.

पहिल्या दिवशी पर्समध्ये जादाचा कुर्ता, दोन रुमाल, नेलकटर, कोमट पाण्याची बाटली असू द्या. खाली बसता येईल असे कपडे, कानात लोंबतं काही नको. ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना लावून जा, दोन्ही टोकांना चार-चार जणं धरून चालणार आहेत.