टीएमआरएम वापरताना रंग धुऊन टाकू नका

जिवंत पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावरचं विद्युत विभव टीएमआरएम या चमकणाऱ्या (फ्लुओरोसंट) रंगाने पाहणार असाल, तर इमेजिंगच्या मीडियममध्येही (पेशींभोवतीच्या द्रवातही) तोच रंग तेवढ्याच प्रमाणात ठेवा. इतर रंगांच्या सवयीने धुतलंत, तर हळूहळू उतरणारा सिग्नल पाहून विभव घसरल्याचा भास होईल. हा रंग मायटोकॉन्ड्रियात कायमचा चिकटत नाही. तो धनभारित रेणू आहे. आतल्या ऋणभारामुळे तिथे साठतो आणि बाहेरच्या रंगाशी सतत समतोल राखतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रंगाचं प्रमाण. साधारण २० नॅनोमोलर रंग देऊन ३० ते ४५ मिनिटं थांबलं की बहुतेक पेशींत काम होतं. चमक कमी वाटली म्हणून प्रमाण बरंच वाढवलं, तर दाटीवाटीने साठलेले रेणू एकमेकांची चमक मारतात. मग विभव कोसळताना रंग मोकळा होतो आणि सिग्नल उलट वाढतो! म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी एफसीसीपी (हे विभव घालवून टाकणारं रसायन) घालून पाहाच. चमक सरळ उतरली तर प्रमाण योग्य आहे. आधी चढून मग उतरली, तर रंग कमी करा. ही तपासणी नसेल तर अशा आलेखावर मी विश्वास ठेवणार नाही.

लेझर शक्य तितका मंद ठेवा, कारण जास्त प्रकाशानेच विभव ढासळू शकतं. पेशी फिक्स करायच्या (रसायनाने आहे त्या स्थितीत गोठवायच्या) असतील तर टीएमआरएम टिकत नाही. तिथे मायटोट्रॅकर रेड सीएमएक्सरॉस हा फिक्स केल्यावरही टिकणारा रंग घ्या.