एअर रायफलच्या छर्ऱ्यांची निवड आणि निगा

१० मीटर एअर रायफलच्या निशाण्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ०.५ मिलिमीटर व्यासाचे असते, तर छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो. म्हणून छर्ऱ्यांची निवड सरावाइतकीच गांभीर्याने करावी.

सामन्यासाठी सपाट डोक्याचा छर्रा वापरतात, कारण तो कागदावर स्वच्छ गोल छिद्र पाडतो. डब्यावर डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिलिमीटर असा छापलेला असतो. यांतला कोणता चांगला, हे रायफलची नळीच ठरवते. दुसऱ्या नेमबाजाला लाभलेला आकार आपल्याला लाभेलच असे नाही. त्यासाठी नळीवर ताण येणार नाही अशा रीतीने रायफल घट्ट बसवावी आणि प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा छर्रे एकाच बिंदूवर झाडावेत. छिद्रसमूहाची बाहेरच्या कडांपासूनची कमाल रुंदी मोजून तीतून ४.५ मिलिमीटर वजा केले की खरा फैलाव कळतो. म्हणजे रुंदी ६ मिलिमीटर भरली, तर फैलाव १.५ मिलिमीटर. एका समूहावर विसंबू नये, चाचणी पुन्हा करावी. नळी नुकतीच साफ केली असेल, तर आधी काही छर्रे झाडून ती स्थिरावू द्यावी. पसंत पडलेल्या छर्ऱ्याचा लॉट क्रमांक, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक, टिपून ठेवावा आणि शक्य असल्यास हंगामाला पुरतील इतके डबे त्याच लॉटचे घ्यावेत, कारण त्याच नावाचा पुढचा लॉट तसाच चालेल याची खात्री नसते.

छर्रे एकेक करून वजन करण्यात पुष्कळ वेळ जातो. माझ्या मते तो वेळ डोळ्यांनी तपासण्यात घालवणे अधिक फलदायी आहे. मऊ कापडावर थोडे छर्रे हलकेच ओतून मागची पातळ कड, म्हणजे स्कर्ट, पाहावी. छर्रा नळीत घट्ट बसून मागची हवा अडवतो तो याच कडेमुळे, त्यामुळे ती चेपलेली किंवा चिरलेली असेल तर तो छर्रा बाजूला काढावा. शिसे मऊ असल्याने डबा पडला किंवा प्रवासात खडखडत राहिला, तरी कडा बिघडतात. म्हणून डब्यातली मोकळी जागा फोमने भरावी. दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, असे छर्रे वापरू नयेत.

शिसे विषारी आहे. छर्रे तोंडात धरू नयेत, ते हाताळताना काही खाऊ नये, आणि काम आटोपल्यावर हात साबणाने धुवावेत. तपासणीचे कापडही घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावे.