रविवारच्या डावाआधी पात्र तयार ठेवा

रविवारी दहाला डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव मांडायचा तर शनिवारी रात्रीच पात्र तयार हवं. हा फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ, आणि पात्र म्हणजे त्या गोष्टीत आपण जो होऊन खेळतो तो. टेबलावर बसून घडवायला घेतलं की सकाळ आकडेमोडीत जाते, आणि जालन्याहून, बीडहून पहाटे निघालेली पोरं ताटकळतात.

आपण त्याची पाचवी आवृत्ती खेळणार, २०१४ च्या नियमांनी. सगळं पुस्तक वाचू नका, आपल्या क्लासची, म्हणजे पात्राच्या पेशाची, पानं पुरे. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासे, पात्राची माहिती भरायच्या शीटची प्रत, पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको, हिट पॉइंट, म्हणजे पात्रात किती जीव उरला ते आकडे, सारखे बदलतात.

ताकद, करिष्मा अशा पात्राच्या सहा गुणांसाठी सहा बाजूंचे चार फासे टाकायचे, सर्वांत लहान सोडून तिघांची बेरीज घ्यायची, असं सहा वेळा. नव्या माणसानं मात्र १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडेच वाटून घ्यावेत. तो ८ आवडीनं घ्या, पात्र लक्षात राहतं ते त्याच्यामुळं.

समजा तुळजापूरचा गोंधळी घेतलात. क्लास बार्ड, म्हणजे गाणारा-वाजवणारा. करिष्मा १५, माणूस असल्यानं एक वाढून १६, म्हणजे फाशाच्या आकड्यात अधिक ३. पटवण्याचं कौशल्य निवडलं तर आणखी २. किल्लेदाराला पटवायला डीएमनं, म्हणजे डाव चालवणाऱ्यानं, १५ मागितले आणि वीस बाजूंच्या फाशावर १० पडले, तरी दार उघडतं.

पण तो घरातून निघालाच का? हे लिहिल्याशिवाय येऊ नका. दहा ओळी बास. आईबाप राक्षसांनी मारले, गाव जळालं, ही कहाणी जो तो आणतो आणि तिच्यात डीएमला धरायला काही उरत नाही. आई जिवंत असू द्या. थोरल्या भावानं जत्रेची बिदागी परस्पर उचललेली असू द्या. टोळीतल्या निदान एकाशी जुनी ओळख हवी. ती दोघांनी फोनवर बोलून ठरवा, म्हणजे खानावळीत पाच अनोळखी माणसं एकमेकांकडं बघत बसणार नाहीत.

सामानाकडं नीट बघा. पहिला डाव देवगिरीवर बेतलाय. खंदकापलीकडं कातळात खोदलेली अंधारी लागते, नुसती वळणं आणि पायऱ्या. नियमानं मशाल एक तास जळते, लख्ख उजेड २० फुटांपर्यंतच. गोंधळ्यानं दिवटी धरली तर संबळ कोण वाजवणार? त्याला दोन्ही हात लागतात. तेव्हा मशाल कुणाकडं, दोर कुणाकडं, हे आधीच वाटून घ्या.

आणि कोंडलेल्या जागेची, सापांची, लेकरांना इजा होण्याची गोष्ट कुणाला सोसत नसेल, तर डीएमला एकट्याला सांगा. कारण विचारलं जाणार नाही, प्रसंग बदलला जाईल. शीटचा फोटो शनिवारी नऊपर्यंत ग्रुपवर टाका.